घड्याळाच्या मनोऱ्याखालचं घर

त्या जुन्या बागेत ती लोकांना हिंडवायची. कारंजं, बँडस्टँड, काचघर आणि शेवटी घड्याळाचा मनोरा. छातीवर पितळी बिल्ला, पायात नवऱ्याचे बूट. तो अंथरुणाला खिळल्यापासून तीच ते घालायची. बागेतल्या खडीवर बायकी चपला टिकत नसत. सगळे तिला बागवाली म्हणत.

मनोऱ्यापाशी पाटी होती: ‘येथे पूर्वी पडीक जमीन होती.’ बागवाली पाटीकडे पाठ करून उभी राहायची. "ही झाडं ज्यांनी लावली त्यांची घरं होती इथं. ती पाडून हा मनोरा उभा केला. माझ्या सासऱ्यांची चूल, ताई, तुमच्या पायाखाली आहे."

ताई नकळत पाय उचलत.

नवा अधीक्षक आला. त्याने तिला कचेरीत बोलावलं.

"पाटीवर आहे तेवढंच सांगायचं, बाई."

"पाटी खोटं बोलते, साहेब."

"मग पाटी ठेवू की तुम्हाला?"

घर तिच्याच कमाईवर चालत होतं. तिने बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "पाटीलाच ठेवा. तिला साधा खोकलाही येत नाही."

नवरा ऐकून भिंतीकडे वळला. "घर केव्हाच गेलं. आता तोंडचा घासही घालवलास."

ते खरं होतं. खरं असूनही तिला ते मान्य नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी तिने बागेची दोन तिकिटं काढली. एक स्वतःचं, एक थोरल्या नणंदेचं. नणंद त्या पाडलेल्या घरातच जन्मलेली. आता कानाने इतकी जड, की तिला हाक मारली की शेजारीपाजारी ओ देत.

"वन्सं, इथं तुमचा ओटा होता!" बागवाली मनोऱ्याखाली ओरडली.

"किंचाळतेस कशाला? बहिरी आहे, मेले नाही अजून. आणि ओटा तिकडे. आईनं मला तिथंच बदडलं होतं."

माणसं हसली, थांबली, जवळ आली. अधीक्षक धावत आला.

"बिल्ल्याशिवाय माहिती द्यायला बंदी आहे!"

"माहिती कुठं देतेय? नणंदेशी बोलतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गोड बोलतेय, तर तेही नको?"

"काय म्हणतोय गं हा?" नणंदेने विचारलं.

"म्हणतोय, इथं घरं नव्हतीच!"

म्हातारीने त्याला बुटांपासून भांगापर्यंत न्याहाळलं. "नव्हती? मग मला काय आईनं कारंज्यात जन्म दिला?"

गर्दीत हशा उसळला. अधीक्षकाचा चेहरा काळवंडला. "उद्यापासून तुम्हाला फाटकातून आत सोडणार नाही."

"उद्याचं उद्या बघू. आजचं तिकीट काढलंय." बागवालीने नणंदेचा हात धरला. "चला वन्सं, मोरी राहिलीय अजून."

म्हातारी काठी टेकत हिरवळीवर उतरली. मोरी नेमकी कुठे होती ते पाहायला तिच्यामागून सगळी गर्दी उतरली.