ऑइलचा लाल दिवा
जळक्या ऑइलचा वास आला की पिंपळगाव राजाहून खामगावला जाणारा तो दुपारचा तापलेला रस्ता आठवतो. बाबांच्या छातीत कळ उठली होती. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून ते पडले होते, गाडी भाऊ चालवत होता, मी त्याच्या शेजारी. जन्मभर जीप चालवलेल्या बाबांना मागूनही सीटांच्या फटीतून डॅशबोर्डवर लागलेला ऑइलचा लाल दिवा दिसला. "थांबव बे, इंजिन बसन," ते पुटपुटले. "बसू द्या बाबा, तुमी बोलू नका," म्हणत भावाने वेग वाढवला. खामगावच्या अलीकडेच इंजिन जाम होऊन गाडी उभी राहिली. टेम्पो मिळेपर्यंत बाबा गेले होते. तो दिवा लागला की लगेच थांबायचं असतं, हे आता मलाही ठाऊक आहे. पण थांबून तरी आम्ही काय केलं असतं? भावाने पुन्हा कधी स्टेअरिंगला हात लावला नाही.