समुद्रात गेलेली शेतं

शेतांचे आकडे आणून देणारा आमच्या तलाठी कार्यालयातला कोतवाल कुणाच्याही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढण्याआधी चपला काढायचा. प्रत्येक कोपऱ्यावर मोबाईलमधले अक्षांश-रेखांश दोनदा मोठ्याने वाचून वहीत उतरवायचा. ती आकड्यांची ओळ मी संगणकात टाकली, की नकाशावर शेत उमटायचं.

एकदा बोरी अरबकडची शेतं थेट उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात उमटली. मी त्याला चारचौघांत झापलं. तो वही घेऊन गेला. दुपारी कळलं, अक्षांश-रेखांशांची अदलाबदल मीच केली होती. नकाशा दुरुस्त केला, त्याला मात्र फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी तो तळपायाला चिंधी बांधून आला. "साहेब, सारी शेतं आणखी एकडाव फिरलो. तेच आकडे येऊन राह्यले. मलेच वाचता येत नसन."

"असू दे," मी म्हणालो, "मी सांभाळून घेतलंय."

त्याने हात जोडले.