लाकडी घरातला बाप्या

आज चहा उकळताना वाफ भिंतीवरच्या लाकडी घरकुलाला लागली आणि त्यातला छत्रीवाला बाहुला हळूच दारात आला.

हे घरकुल माझ्या सासऱ्यांना मिशनच्या बाईंनी मायदेशी जाताना दिलेलं. हवा कोरडी असली की एका दारातून इवलीशी बाई बाहेर येते, ओलसर झाली की दुसऱ्यातून तो. आमच्या दुष्काळी कर्जतला सदा बाईच बाहेर.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबाई वैतागल्या. “बाप्या बघावा तवा घरात! त्यो भायेर आल्याबिगर पाऊस कसा पडंल?” असं म्हणत त्यांनी चहाचं पातेलंच त्याच्याखाली धरलं. आल्याचा वास दरवळला. छत्रीवाला डुलत बाहेर आला, बाई आत गेली.

“आता तिला बी भायेर आना,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, दोघं एकाच दांडीवर हायेत,” हे हसून म्हणाले. “एक आलं की दुसरं आत जानार.”

केवढे हसलो होतो आम्ही!

आता सासूबाई नाहीत, हेही नाहीत. एका कपाच्या चहाची वाफ ती किती! तरी मी कप त्याच्याखाली धरून उभी राहिले. चहा निवला, तसा तोही आत निघून गेला.