जावेच्या घरची रोझरी

ऑक्टोबरात मरियामातेची मूर्ती आमच्या कॉलनीत घरोघर फिरते. एक दिवस एका घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मग मूर्ती पुढच्या घरी. त्या वर्षी आमच्यानंतर थोरल्या जावेचं घर होतं, खालच्याच मजल्यावर. जाऊ माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या मुलीचं कल्याणच्या मुलाशी ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि मुलीला फिट येते हे तिकडे मीच पोचवलं, असं ती सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटली होती.

सांगितलं होतं मुलीनेच. ठाण्याचं ऑफिस सुटल्यावर त्या मुलाला शीळफाट्याला भेटून. "काकी, लपवून कसं लग्न करू गं? पण आईला सांगू नको, ती मला नोकरीला पण पाठवणार नाही," असं म्हणून माझ्या स्वयंपाकघरात रडली. मी शब्द देऊन बसले. तो केवढ्याला पडणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

फादरांना एवढंच म्हणाले, की माझ्यावर खोटा आळ आलाय. ते म्हणाले, खोटे आरोप झाले तेव्हा ख्रिस्तही न्याय करणाऱ्या पिलातापुढे गप्प उभा राहिला. मला रागच आला. ख्रिस्ताची आणि पिलाताची रोज जिन्यात गाठ पडत नव्हती.

ठरल्या दिवशी मूर्ती घेऊन खाली गेले. जावेने ती माझ्याकडे न बघता घेतली. घर माणसांनी भरलं होतं. मी दाराशी, चपलांजवळ गुडघे टेकले. रोझरी झाली, मग एकेकाने आपली विनंती मांडायची होती. जाऊ म्हणाली, "आपल्याच माणसांत राहून ज्यांनी माझ्या मुलीचं लग्न मोडलं, त्यांना क्षमा मिळावी म्हणून प्रार्थना करूया."

दोन-चार माना माझ्याकडे वळल्या. असं काही झालं तर मी उठून जाईन, निदान रडेन, असं मला वाटायचं. काहीच झालं नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तशी मी आतून झाले होते. सगळ्यांबरोबर मीही म्हणाले, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

पोरगी मूर्तीशेजारी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं. मी मानेनेच नको म्हटलं.

तिने माझं ऐकलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.