सव्वा महिना मोडणारी वंचीमावशी

माझी लेक रडायची नाही, आणि मी बावळट त्याचा गर्व करत होते.

आज सकाळी वंचीमावशी गेल्या. घणसोली गावातल्या सुईण. आमच्या घरमालकीणपण त्याच.

एकोणीसशे ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार. मिस्टर जवळच्या पावणे गावातल्या कंपनीत शिफ्टला. सासूबाई गावाहून बाळंतपणाला आलेल्या.
पोर वीस दिवसांची. दूध पाजायलासुद्धा उठवावं लागायचं.
"गुणी आहे हो आमची," सासूबाई अख्ख्या आळीत सांगायच्या.

मावशी रोज बाळाला तेल लावायला यायच्या. त्या दिवशी मधेच थांबल्या.
पाय चाचपले. गार. अंग अजून पिवळंच. जीभ जाड, सारखी बाहेर.

"हिला मुंबईला न्या. आजच."

सासूबाई भडकल्या. "सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"मीच सांगितला. आता मीच मोडतंय."

मलाही राग आला. माझ्या चांगल्या पोरीला नावं ठेवतात!
म्हटलं, "मावशी, उगाच टेन्शन देऊ नका."

तेव्हा त्यांनी रमेशला हाक मारली. त्यांचा मुलगा. बावीस वर्षांचा, पण धड बोलता यायचं नाही, घास भरवावा लागायचा.
"ह्यो पन असाच गुनी होता," मावशी म्हणाल्या. "मी पन खूश होते."

मी पोरीला दुपट्यात गुंडाळलं.

तशीच निघाले. मावशी सोबत. मोठ्या हॉस्पिटलात रक्त घेतलं. रिपोर्टला आठ दिवस.
ते आठ दिवस मी झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून बसायचे. सासूबाईंनी अबोला धरलेला.

नवव्या दिवशी बाळाला घेऊन मावशींसोबत पुन्हा गेले. थायरॉइड निघालं. गळ्यातली ग्रंथी कामच करत नव्हती.
"हे हार्मोन नसेल तर बाळाचा मेंदू वाढत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण वेळेत आणलंत. रोज गोळी द्यायची, दुधात चुरून. मोठी झाली तरी बंद करायची नाही."

(लेक आज इंजिनिअर आहे. अजून रोज सकाळी गोळी घेते.)

मी तिथेच ढसाढसा रडले.

मावशी पदर सावरत पुढे झाल्या.
"बाय, माझ्या रमेशला पन चालल का ही गोली?"

डॉक्टरीणबाईंनी त्याचं वय विचारलं.
"अंगाला थोडी हुशारी येईल, मावशी. पण डोक्यासाठी आता उशीर झालाय."

"बरा," मावशी म्हणाल्या.
बाळ माझ्या हातातून घेतलं.
"चल गो. पयली गोली हितंच देऊ. घरी जायला टाइम लागल."

मावशी, आम्हा मायलेकींचा तुम्हाला शेवटचा जयभीम.