न घेतलेल्या दारूची माळ

माझा नवरा दीड वर्ष मला सांगत होता की तो दारू घेत नाही. मी दीड वर्ष त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

लग्न ठरलं तेव्हा मावशीने बजावलं होतं, मुलगा चांगला आहे, पण बाप पिणारा होता. नेऱ्याकडच्या त्यांच्या गावात सासऱ्यांची ओळखच ती होती, रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला जाणारा माणूस. आमच्या लग्नाआधीच ते वारले. मी त्यांना पाहिलं नाही, पण नवऱ्यावर मात्र पहिल्या दिवसापासून नजर ठेवून होते.

तो तळोज्याला एका कारखान्याच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. मी खांदा कॉलनीत साड्यांना फॉल-पिको करून देते. दुकान म्हणजे एक शटर, दोन मशिनं आणि गिऱ्हाइकासाठी एक प्लास्टिकची खुर्ची.

आधी त्याच्या हातून चहा सांडायला लागला. कप उचलेपर्यंत हात ठीक असायचा, ओठांजवळ आला की थरथरायचा. मग सही बदलली, बँकेने चेक परत पाठवला. मग चाल बदलली. पाय फाकवून टाकायचा, वळताना भिंतीला हात लावायचा. बोलणं जड आणि तुटक झालं. मला या सगळ्याचं कारण एकच दिसत होतं.

संध्याकाळी तो दारात आला की मी म्हणायचे, "हा करा." चपला काढायच्या आधी तो तोंड उघडून माझ्या नाकासमोर श्वास सोडायचा. वास यायचा नाही. मी समजायचे, बडीशेप खाऊन आला असेल.

कारखान्याच्या गेटवर फुंकायचं मशीन असतं. तिथे त्याला एका आठवड्यात तीनदा बाजूला घेतलं आणि तिन्ही वेळा शून्य आलं. तिसऱ्या वेळी त्याने मशीनमधून निघालेला कागद मागून घेतला आणि आणून माझ्यासमोर ठेवला.

"बघ."

"मशीन बिघडलं असेल."

"तीनदा?"

"बिघडलेलं मशीन रोजच बिघडलेलं असतं."

मुलगी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, ती हसली. तोही हसला. मला वाटलं, बरोबर बोलले मी.

शेवटी मी मोठ्या दिरांना बोलावलं. ते गावीच राहतात आणि घरात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी सुचवलेला उपाय आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. गावच्या कीर्तनकार बुवांसमोर बसून गळ्यात तुळशीची माळ घालायची. माळ घातली की दारू बंद, आणि तिच्याबरोबर मटण-मासळीही बंद. माळ घालून जो पितो त्याला गावात कोणी दारात उभं करत नाही, म्हणून ती टिकते.

"मी घेतच नाय, तं सोडू काय?" नवरा म्हणाला.

"बाबा पन हेच बोलायचा," दीर म्हणाले.

"माळ घातली की बोंबील पन बंद होईल रे दादा."

"बोंबील गेला चुलीत. तू आधी सरळ चालून दाखव."

मासे नसलेल्या जेवणाला माझा नवरा जेवण म्हणत नसे. "पोट भरलं" एवढंच म्हणायचा. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "माळ घातली तं तू वास घ्यायचं बंद करशील?"

मी हो म्हटलं. त्याने माळ घातली. मी वास घेणं बंद केलं नाही.

कारण चाल आणखी बिघडली, आणि आता ती गळ्यात माळ असताना बिघडली होती. बुवांकडून तक्रारीचा निरोप आला. दीर फोनवर म्हणाले, "माळेची तरी लाज ठेव म्हनावं त्याला." माल ठेवताना त्याने दोनदा रॅकला धडक दिली, तेव्हा कारखान्याने फोर्कलिफ्ट काढून घेतली आणि त्याला रजिस्टर लिहायला बसवलं. तिथे त्याचं अक्षर कोणाला लागेना. त्या दिवसांत बाजारात जाताना मी त्याच्या दहा पावलं पुढे चालायचे.

मग एका सकाळी तो आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावरून पडला. नुकती आंघोळ झालेली, पोटात चहासुद्धा नाही. मुलगी त्याच्या मागेच होती. तिने त्याला उठवून बसवलं आणि मला वर हाक मारली.

"मम्मी, चप्पल घाल. मेंदूच्या डॉक्टरकडे जायचंय."

"मेंदूच्या कशाला? हाड बघायला हवं."

"कारण इतके दिवस तू नाकानेच तपासतेयस."

डॉक्टर तरुण बाई होती. तिने स्वतःचं बोट त्याच्यासमोर धरलं. "काका, आधी माझ्या बोटाला हात लावा, मग तुमच्या नाकाला, मग परत माझ्या बोटाला." त्याचा हात मांडीवर स्थिर होता. निघाला तोही नीट. बोट जवळ आलं तसा डावी-उजवीकडे हेलकावायला लागला आणि बोट चुकवून पुढे गेला. परत येताना नाकाऐवजी गालावर आदळला. मग तिने त्याला आडवं झोपवून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून सरळ खाली न्यायला सांगितली. टाच पुन्हा पुन्हा घसरत होती. तो डॉक्टरकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

स्कॅन झाल्यावर तिने डोक्याच्या मागचा, मानेच्या वरचा भाग दाखवला. लहान मेंदू. तो आकसला होता. हातापायांतली ताकद गेली का, मी विचारलं. नाही, ती म्हणाली, ताकद पूर्ण आहे. हात हलवायचा हुकूम मोठा मेंदू देतो आणि त्याची एक प्रत लहान मेंदूकडे जाते. त्याच वेळी सांधे, स्नायू, डोळे, कानातला तोल सांभाळणारा भाग, सगळे त्याला कळवत असतात की हात आत्ता कुठे आहे, किती वेगात आहे. जायचं कुठे होतं आणि चाललाय कुठे, यातला फरक बघून तो हालचाल चालू असतानाच ती दुरुस्त करतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

मला हे लगेच कळलं. पाय-मशीनवर माझं दिवसभर तेच चालतं. काठाची शिवण बोटाखाली जरा जाड लागली की पाय आपोआप हळू होतो. मी ठरवून करत नाही, ठरवायला गेले तर टीप वाकडी जाते. त्याच्या हाताला हुकूम मिळत होता, हाताची खबरही मागे पोचत होती. ती बघून दुरुस्त करणारं कोणी उरलं नव्हतं.

"दारूसुद्धा याच भागाला गोंधळात टाकते," डॉक्टर म्हणाली. "म्हणून बघणाऱ्याला वाटतं, प्यायलेत. पुष्कळ घरांत असं होतं." मला बरं वाटावं म्हणून ती बोलली. वाटलं नाही.

आजार थांबवणारं औषध नाही. व्यायाम करायचा, तोल राखायला शिकायचं. हळूहळू वाढत जाईल, पुढे गिळायलाही त्रास होईल. मग तिने विचारलं, "घरात आणखी कोणाची चाल अशी होती?"

स्कॅनच्या दिवशी मोठे दीरही गावाहून आले होते. ते म्हणाले, "बापाची होती. पन तो पियाचा."

"नक्की प्यायचे?"

दीरांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान खाली घातली.

घरी आलो. मी कुलूप काढलं आणि त्याला आत घ्यायला वळले. त्याने सवयीने तोंड उघडलं आणि माझ्या नाकासमोर श्वास सोडला. मागे मुलगी उभी होती. ती जिना उतरून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "चुकलंच माझं." याहून जास्त मला जमत नाही.

"मी पन तेच केलं," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं, एकेक शब्द जुळवत. तो नववीत होता. शाळेतून मित्रांबरोबर येताना वडील शेताच्या बांधावर पडलेले दिसले. "मी घेतली नाय रे," ते खालूनच म्हणाले. मित्र हसले. तो थांबला नाही. "एकदा हाक मारली त्यांनी. दुसऱ्यांदा नाय मारली." त्या लाजेपोटीच त्याने जन्मात दारूला हात लावला नाही. सासरे पीत होते की नाही हे आता कोण सांगणार? थोडी घेतही असतील. पिणं आणि आजार, दोन्ही खरं असू शकतं.

आता तो घरीच असतो. मी त्याच्या मनगटांना बांधायला वाळूच्या पिशव्या शिवल्यात, वजन असलं की हात कमी हेलकावतो. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलंय, चालताना काकांना आवळून धरू नका, कोपराला नुसती बोटं लावा, तेवढ्यानेही शरीराला कळतं आपण कुठे आहोत. मला आवळून धरायची सवय. सुटायला वेळ लागला. आजार रक्तातून तिच्याकडेही आलाय का, याची तपासणी करून घ्यायची की नाही हे मुलीने अजून ठरवलेलं नाही. तिच्या पायांकडे बघायचं नाही असं मी रोज ठरवते, आणि बघते.

दुपारी मी त्याला दुकानात आणून बसवते. परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं. बाईला खुर्ची द्यायला तो उठला आणि मशीनवर आदळला. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, माळ घालूनपण?" मी तिला सगळं सांगितलं, लहान मेंदू, सांधे, हुकूम, दुरुस्ती. "हो का," ती म्हणाली आणि साडी कधी मिळेल ते विचारलं.

ती गेल्यावर मी त्याला म्हटलं, "माळ काढून टाका. बुवांना मी सांगते. गिळता येतंय तोवर चार घास मासे तरी खा."

"काढली तं लोक बोलतील. सुटला परत प्यायला."

"बोलू देत. आपल्याला काय करायचंय?"

"माझं जाऊ दे," तो म्हणाला. "बापावर जातील ते. बापासारखाच निघाला म्हनतील." एवढं बोलायला त्याला फार वेळ लागला. मी मध्ये त्याचे शब्द पुरे केले नाहीत.

शुक्रवारी बिल्डिंगखाली कोळीण येते. या शुक्रवारी तिने वर बघून हाक मारली, "ओ वयनी, ताजे बोंबील हाईत. भाऊंची माळ हाय का अजून?"

मी खिडकीतून हो म्हटलं.

"कवा उतरनार?"

"नाही उतरणार."

तिने पाटीवर ओला फडका सारला आणि पुढच्या बिल्डिंगखाली जाऊन ओरडायला लागली.