बापानं न फिरवलेला शब्द

अक्कलकोटच्या अलीकडच्या एका गावात बिरोबाची पूजा सिद्धाप्पाच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. थोरल्या मुलानंच देवाला भंडारा वाहायचा, असा रिवाज. पण थोरल्या सिद्धाप्पाला गाभाऱ्यात जायची बंदी होती, तीही बापाचीच.

झालं असं की, बहीण रत्नम्माला नवऱ्यानं चुलीतल्या लाकडानं डागलं. सिद्धाप्पा तिच्या सासरी गेला आणि त्यानं मेहुण्याचा पाय मोडला. सासरच्यांनी रत्नम्माला कायमचं माहेरी धाडलं, पोरं मात्र ठेवून घेतली. बाप कोंडीबानं भर चावडीत सांगितलं, "ह्या हातानं देवाला शिवायचं न्हाय. मी जित्ता हाय तवर न्हाय, मेल्यावर बी न्हाय." पूजा धाकट्या महेश्वरकडं गेली.

सिद्धाप्पा सोलापुरात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत राहिला. प्राचीन धर्मांवरचा तास तयार करताना त्याला वाचनात लेवी भेटला. ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात लेवीनं भावाला घेऊन बहिणीच्या अब्रूपायी तलवार उपसली, माणसं मारली. मरताना बाप याकोबानं त्यांच्या रागाला शाप दिला. आणि शेकडो वर्षांनंतरच्या ज्यू लिखाणांत तोच लेवी देवाचा लाडका पुजारी! त्याच्यासाठी स्वर्गाचं दार उघडलं, देवदूतांनी त्याला नेमलं. एका ठिकाणी तर बापानंच स्वतःच्या हातानं त्याला पुजाऱ्याची वस्त्रं चढवली. सिद्धाप्पानं ती पानं पुन्हा पुन्हा वाचली.

रविवारी तो गावी गेला. कोंडीबानं अंथरूण धरलं होतं. रत्नम्मा उशाशी पेज घेऊन बसलेली. सिद्धाप्पानं लेवीची सगळी कथा सांगितली. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता.

"मूळ पोथीत काय हाय म्हणलास?"

"शाप, आण्णा."

"बापानं त्यो परत घेतला?"

"मूळ पोथीत न्हाय. मागनं लोकांनी..."

"मागनं लोक कायबी लिवत्यात की. मेलेल्या बापाच्या तोंडात कुणीबी शब्द घालतंय."

"पण आण्णा, तसं लिवावं असं त्यांना का वाटलं असंल?"

कोंडीबानं भिंतीकडं कूस बदलली. पुढच्याच आठवड्यात तो गेला.

सुतक फिटल्यावर महेश्वरनं गाभाऱ्यातून ताट आणलं आणि ओळीनं सगळ्यांच्या कपाळी भंडारा लावला. सिद्धाप्पासमोर त्याचा हात थबकला.

"आण्णांचा शब्द हाय, दादा. मी तरी काय करू?" असं पुटपुटून तो पुढं सरकला.

रत्नम्मानं आपल्या कपाळावरचा भंडारा बोटावर घेतला आणि हात भावाकडं नेला. सिद्धाप्पानं तिचा हात अलगद खाली केला.

"ऱ्हाऊ दे. आण्णांनी फिरवला न्हाय त्यो शब्द मागनं आपण फिरवून काय हुतंय," म्हणाला, आणि पिशवी उचलून एसटी गाठायला निघाला.